भटू होऊ नका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला ठाऊक आहे, पण मी सांगितलं म्हणून नाही. ठाऊक असणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे आमच्या घरात आम्ही दोघं न बोलता पाळत आलो. देवापुढे हात जोडतो तेव्हाही मी दुसरंच काहीतरी मागत असतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही भटूला ओळखत नव्हता, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ वळत नाही.

भटू. आधी तो कसा होता ते सांगू द्या. तेच तर मी इतकी वर्षं सांगितलं नाही.

तो माझ्या गावचा, शिरपूरकडचा. शाळेत एका बाकावर होतो. सुरतेला मागेपुढेच आलो, लिंबायतला एकाच गल्लीत खोल्या घेतल्या, पलसाण्याच्या एकाच मिलमध्ये लागलो. मी रंगखात्यात, तो कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात. मोटारसायकल माझी होती. तो मागे बसायचा. जाताना त्याच्या डब्याची पिशवी माझ्या पाठीला टोचायची, आणि मी रोज ओरडायचो, आणि तो रोज पिशवी सरकवायचा.

भित्रा नव्हता तो, जपून वागणारा होता. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आली की सुरतेचं आभाळ पतंगांनी भरतं, आणि रस्त्यावर आडव्या आलेल्या मांज्याने मोटारसायकलवाल्यांचे गळे चिरले जातात. भटू डिसेंबरातच माझ्या गाडीच्या पुढे तारेची कमान बसवून टाकायचा. मला न विचारता. आणि माझ्या गळ्याला मफलर गुंडाळून वर गाठ मारायचा, लहान मुलाला मारतात तशी. टायरची हवा तो बघायचा. ब्रेकची तार सैल झाली की मला कळायच्या आधी त्याला कळायचं — मागे बसून!

आणि हेल्मेट. मागे बसूनही तो हेल्मेट घालायचा. आमच्या मिलमध्ये तेव्हा पुढे बसणाराही घालत नसे, कोपराला लटकवून ठेवायचा आणि पोलीस दिसले की डोक्यावर चढवायचा. लोक भटूला हसायचे. "पायलट आला रे" म्हणायचे. सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं? मी.

आमची दोघांची हेल्मेटं सारखीच होती. पुलाखालच्या एकाच टपरीवरून घेतलेली, काळी. फरक एवढाच, की भटूच्या हेल्मेटला आतून अस्तर होतं. त्याच्या बायकोने, मंगलावहिनीने, आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन शिवलेलं. घाम टिपायला. फिकट निळ्या फुलांचं. ती ते काढून धुवायची आणि परत चार टाके घालून बसवायची.

आता त्या दिवसावर येतो. येतोच आहे — थोडं थांबा.

वैशाख होता. माझ्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता, म्हणून मी ते घरीच खिळ्याला टांगून ठेवलं होतं. दुरुस्त करायला टाकू, उद्या टाकू, असं चाललेलं. सकाळी लवकर निघालो, रस्त्यावर पोलीस नव्हते, काही अडलं नाही. पहिली पाळी संपवून आम्ही दुपारी परत निघालो. हायवेला लागलो तेव्हा समोरून येणाऱ्या आमच्याच एका माणसाने हात करून सांगितलं, पुढच्या चोकडीवर, म्हणजे चौफुलीवर, चेकिंग आहे, दंडाचे मेमो फाडतायत.

मी गाडी बाजूला घेतली. मागे वळून म्हणालो, "दे."

भटूला कळलं काय ते. त्याने लगेच काढलं नाही. म्हणाला, "मी चालवतो ना. तू मागे बस."

बघा, किती साधं होतं. पोलीस पुढच्याला धरतात. तो पुढे बसला असता हेल्मेट घालून, मी मागे उघड्या डोक्याने. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गाडी माझी होती. माझ्या गाडीवर मी मागे बसायचं? भर हायवेला, मिलची माणसं येता-जाता बघतायत? मी म्हणालो, "दे रे, नाटक नको करूस." तो माझा मित्र होता. त्याने दिलं.

घातलं तेव्हा आतून ते अस्तर माझ्या कपाळाला लागलं. दुसऱ्याच्या घामाचा वास येतो, तसा आला.

चोकडीवर पोलीस होते. आमच्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. आम्ही पुढे आलो.

इथपर्यंतचं मी सांगू शकलो असतो, असं मला कधी कधी वाटतं. मित्राचं हेल्मेट घेतलं, पोलिसांना चुकवलं — कोण करत नाही? माणसं समजून घेतात. मंगलावहिनीनेही समजून घेतलं असतं कदाचित. पण इथे संपत नाही ते.

चोकडी मागे पडली, आणि भटूने मागून हेल्मेटवर बोटांनी वाजवलं. टकटक. दार वाजवावं तसं. म्हणजे — आता दे परत.

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

का? मला आजही नीट सांगता येत नाही. थांबायचा कंटाळा आला होता. घर जवळ आलं होतं. ऊन होतं, रस्ता मोकळा होता, गाडीने वेग घेतला होता. त्याने परत वाजवलं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, "हळू चालव ना भो! घाई कसानी शे?" घाई कशाची आहे? कशाचीच नव्हती. घरी कुणी खोळंबलं नव्हतं. जेवण झाकून ठेवलेलं असायचं, ते रोजच गार असायचं. पण त्याने हळू म्हटलं की माझा हात उलटा फिरायचा. मी एका बसला मागे टाकायला गाडी दाबली, आणि दुभाजकातल्या झाडांमधून गाय बाहेर आली.

गाय आडवी आली. हे खरं आहे. पोलिसांना मी हे सांगितलं, लोकांनी पाहिलं होतं, गाय खरोखर होती. तिला काही झालं नाही. खोटं सुरू होतं ते याच्या पुढे.

मी ब्रेक मारला. गाडी घसरत गेली. मी रस्त्यावर डोक्यावर आपटलो आणि फरफटलो, हेल्मेटची एक बाजू घासून पांढरी पडली, काच निखळली. मी उठून बसलो. खरंच उठून बसलो — खांदा निखळला होता, गुडघे सोलले होते, पण डोकं शाबूत. भटू दुभाजकाशी पडला होता. झोपल्यासारखा. त्याच्या डब्याची पिशवी अजून त्याच्या खांद्यालाच होती.

दवाखान्यात पोचेपर्यंतच तो गेला होता. डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, दवाखान्यात नेणाऱ्या गाडीतच कळलं होतं मला.

मी बाकड्यावर बसलो होतो. हेल्मेट मांडीवर. कुणीतरी येऊन सांगितलं, त्याच्या घरच्यांना कळवलंय, निघालेत. मी हेल्मेटात बघितलं. निळी फुलं.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. घाबरलेला होतो, दुखत होतं, सुचलं ते बोललो. पण मग अस्तर? मी उठून मोरीत गेलो आणि कडी लावली. एक हात चालत नव्हता. हेल्मेट गुडघ्यांत धरून मी ते अस्तर ओढलं, निघेना, टाके घट्ट होते. मी ते दातांनी तोडलं. फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं, वर चुरगळलेले कागद टाकले. मग तोंड धुतलं. आणि मग बाहेर आलो. म्हणजे मला ठाऊक होतं. वहिनी यायच्या आधीच मी ठरवलेलं होतं.

ती आली. शेजारणीने धरून आणली होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघितलं, आणि विचारलं, "त्यांचं कुठे?"

मी म्हणालो, "त्याने घातलंच नाही वहिनी. मी सांगत होतो, घाल, घाल. हातात धरून बसला होता. कुठे उडून गेलं कुणास ठाऊक."

ती म्हणाली, "ते तर मागे बसतानाबी घालायचे."

मी म्हणालो, "गरम होतंय म्हणाला."

संपलं. एवढंच. एका माणसाची सगळी जपणूक मी दोन वाक्यांत पुसली.

घरी आलो तेव्हा ज्योती, माझी बायको, दारातच उभी होती. तिने मला आत आणून बसवलं, पाणी दिलं. समोर खिळ्याला माझं हेल्मेट टांगलेलं होतं, तुटक्या पट्ट्याचं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग मी मांडीवर घेऊन बसलेल्या हेल्मेटकडे. तोवर गल्लीत सगळीकडे पसरलं होतं की भटूने हेल्मेट घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. ज्योतीने ते हेल्मेट कुठे टाकलं, मी विचारलं नाही. तिने मला विचारलं नाही. आमच्या लग्नात तेव्हापासून एक खोली बंद आहे.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, भटूचे वडील मला मिठी मारून रडले. म्हणाले, "तू सांगत व्हतास ना रे त्याले. ऐकलं नही माझ्या पोरानं." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मग मिल. खांदा बरा होऊन कामावर गेलो तर साहेबांनी बोलावलं. सेफ्टीचा कार्यक्रम होता कँटीनमध्ये. म्हणाले, तू बोल, तुझं लोक ऐकतील. मी नको म्हणालो नाही. उभा राहिलो आणि सांगितलं. आम्ही दोघं होतो, एक गाडी, एक अपघात. एकाने हेल्मेट घातलं होतं, एकाने नाही. बोलता बोलता मला रडू आलं. ते रडणं खोटं नव्हतं हो. पण ते कशासाठी आहे ते समोरच्यांना वेगळंच कळलं. शेवटी मी म्हणालो, "भटू होऊ नका."

ते वाक्य चाललं. दुसऱ्या मिलमधून बोलावणं आलं, मग सुरतेजवळच्या सचिन गावच्या कारखान्यांतून. मी हिंदीत सांगायला शिकलो, मग गुजरातीत. मिलच्या दारावरचा वॉचमन उघड्या डोक्याने कुणी आला की ओरडायचा, "भटू मत बन!" आमच्या पाळीतली नवी पोरं, ज्यांनी भटूला बघितलंही नाही, एकमेकांना म्हणायची, "काय भटूसारखा करतो?" ब्रेक न बघणारा भटू. मोबाइलवर बोलत गाडी चालवणारा भटू. जो माणूस माझ्या गळ्याला गाठ मारायचा, त्याचं नाव सुरतेच्या त्या पट्ट्यात बेफिकीर माणसाचं नाव झालं.

एकदा उत्तर प्रदेशचा एक कामगार मला भेटायला आला. पडला होता, वाचला होता. तडकलेलं हेल्मेट दाखवायला घेऊन आलेला. माझ्या पाया पडायला वाकला. तुमचं ऐकून घालायला लागलो, म्हणाला. हे मी तराजूत वजन म्हणून टाकत नाही. तो खऱ्यानेही वाचला असता. खरं ऐकूनही लोकांनी हेल्मेट घातलंच असतं, कदाचित जास्तच. फक्त मग व्यासपीठावर मला कुणी खुर्ची दिली नसती.

अजून एक राहिलंय. खरं तर तेच सांगायला बसलो होतो. बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

भटू गेल्यावर मंगलावहिनी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. आमच्या गल्लीत बऱ्याच बायका करतात. त्या पावसाळ्यात मी एकदा गेलो होतो. तिची मुलगी, कोमल, तेव्हा चौथीत होती, शाळेत गेलेली. वहिनी खाली मान घालून खडे लावत होती. मान वर न करताच म्हणाली, "भाऊ, एक विचारू?"

"विचारा की."

"अस्तर मी त्या सकाळी ओलंच लावलं होतं. आदल्या दिवशी धुवायचं राहिलं, रात्री धुतलं, वाळलं नाही. ओल्याचा वास मारत असंल. त्याच्यामुळेच नसंल ना घातलं त्यांनी?"

आता ऐका. त्या सकाळी भटू गाडीवर बसला, हेल्मेट चढवलं, आणि हसायला लागला होता. मला म्हणाला होता, "मंगलीनं वल्लंच लाई दिधं. डोकं कसं गार पडनं, कूलर शे कूलर!" सगळा रस्ता खूश होता तो. मिलच्या दारात उतरताना म्हणाला, आता रोज वल्लंच लावाले सांगस. हे मला शब्द न् शब्द आठवत होतं. आजही आठवतं. मला नुसतं एवढं सांगायचं होतं — नाही वहिनी, त्याला आवडलं होतं. एवढं सांगितलं असतं तरी माझं खोटं जागेवर राहिलं असतं. गरम होतंय म्हणाला, हे राहिलंच असतं. मला काहीच झालं नसतं. तिच्या मनावरचा धोंडा मात्र उतरला असता.

पण माझ्या डोक्यात आलं, हे कारण बरं आहे. हे पटण्यासारखं आहे. आता ती परत विचारणार नाही.

मी म्हणालो, "तसंच काहीतरी म्हणत होता खरा."

तिच्या बोटाखालचा खडा तिरका बसला. तिने तो उपटला, डिंक पुसला, नीट लावला. मग म्हणाली, "हां." तेवढंच. आणि नंतर खरंच, तिने मला कधी विचारलं नाही.

ती त्यानंतर ओलं काही अंगाला लागू देत नाही. कोमलची ओढणी जरा दमट असली तरी काढायला लावते. गल्लीतल्या बायका म्हणतात, मंगलाला वेडच आहे ते. ज्योती हे ऐकते तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

मी चांगला वागलो त्यांच्याशी. सगळे सांगतील तुम्हाला. कोमलच्या शाळेत मी गेलो, तापात मी दवाखान्यात नेलं, तिला गाडी शिकवली मी. कॉलेजला जायला तिने मोपेड घेतली तेव्हा हेल्मेट मी आणलं. पट्टा कसा आवळायचा, दोन बोटं जातील एवढाच कसा ठेवायचा, ते दाखवलं. हे मला भटूने शिकवलेलं. ती हसून म्हणाली, "पप्पांनी तुमचं ऐकलं असतं तर काका." मग हसू गेलं तिचं. म्हणाली, "मला त्यांचा रागच येतो. आमचा विचारच नाही केला त्यांनी. नुसतं गरम होतं म्हणून." वर्षश्राद्धाला ती बापाच्या फोटोला हार घालत नाही. मंगलावहिनी घालते. कोमल दारात उभी राहते मोबाइल बघत.

मी तेव्हा बोललो का? तिच्या हनुवटीखालचा पट्टा माझ्या हातात होता. नाही बोललो.

या थंडीत तिच्या कॉलेजमध्ये रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं, पण ऐन वेळी कोमल म्हणाली, काका, यावेळी मी बोलू? मंगलावहिनीही आली होती, इस्त्रीची साडी नेसून, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. पहिली रांग.

कोमल गुजरातीत बोलली. चांगली बोलली, माझ्यापेक्षा चांगली. म्हणाली, माझे पप्पा वाईट नव्हते, बेफिकीर होते. त्यांना वाटलं, काही होत नाही. त्यांच्या मित्राने त्यांना वारंवार सांगितलं. तो मित्र आज इथे बसला आहे, माझ्या बापासारखा. तिने माझ्याकडे हात केला. मुलं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मीही वाजवल्या. मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

भटू बेफिकीर नव्हता. त्याने हेल्मेट घातलं होतं. ते मी त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतलं, त्याने परत मागितलं तेव्हा दिलं नाही, आणि तो मेल्यावर दोष त्याच्या नावावर आणि त्याच्या बायकोच्या हातावर टाकला. मी चांगला वाचलो, माझ्या खांद्याला पावसाळ्यात थोडी कळ येते, बस. हे त्या हॉलमध्ये मला पाठ होतं, आणि तोंड मिटलेलं होतं.

टाळ्या थांबल्या. मंगलावहिनी माझ्याकडे वळली. तिला गुजराती माझ्याइतकीच कळते, इतकी वर्षं इथेच गेली तिची. तरी तिने पदराने डोळे पुसत विचारलं, "बरोबर बोलली ना हो ती, भाऊ?"

मी म्हणालो, "हो वहिनी. बरोबर बोलली."